रडण्याचा जबाब

लोहाऱ्याच्या ज्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, तिथं फळ्याशेजारी एक रंगीत तक्ता चिकटवलेला आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की ‘सेड’, म्हणजे ‘म्हणाला’, हा शब्द आता जुना झाला, त्याच्याऐवजी हे पन्नास शब्द वापरा. खाली फुगे काढलेत आणि प्रत्येक फुग्यात एक शब्द बसवलाय: व्हिस्पर, मटर, मंबल, ग्रोन, मोन, श्रीक, वेल. कोपऱ्यात एक पोपट. कुठल्याशा गाईडबरोबर हा तक्ता फुकट आला, आणि फुकटचं म्हटल्यावर आमच्या प्राचार्यांनी तो सगळ्या वर्गांत लावला. मी दोनदा काढला. दोन्ही वेळा शिपायानं परत लावला, दुसऱ्या वेळी तर भरपूर डिंक घालून.

मला त्या तक्त्याची किळस येते. भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे पोरं त्यातले शब्द वाक्यांवर टाकतात. एकानं निबंधात लिहिलं, की एसटीचा कंडक्टर ‘उमरगा, उमरगा’ असं कुजबुजला. एकीची आजी चहा झाला म्हणून किंकाळी फोडते. एकाचे वडील शेताच्या पार त्या टोकाला उभं राहून पुटपुटतात आणि ते याला घरात ऐकू येतं. मी लाल रेघ मारली की वर तोंड करून सांगतात, “मॅडम, तक्त्यात हाय की.”

मग मी खडू खाली ठेवते आणि तोंडानं आवाज काढून दाखवते. मटर करणाऱ्याला आपलं बोलणं कुणी ऐकू नये असं वाटत असतं, मंबल करणाऱ्याचं तोंडच नीट उघडत नाही. शाउटमध्ये शब्द असतात, स्क्रीममध्ये ते बहुधा राहत नाहीत. ग्रोन पोटातून एकदाच निघतो आणि त्यात थोडा वैतागही असतो, मोन लांबत जातो. टेलला समोर ऐकणारा लागतो, ‘से’ला तो नसला तरी चालतो. आणि स्टेट म्हणजे माणूस पुरत्या शुद्धीवर आहे, विचार करून, आपल्या शब्दांची जबाबदारी घेऊन काहीतरी मांडतोय. मराठीत हे असं शिकवावं लागत नाही. बाप खेकसला की वसकन अंगावर आला, यातला फरक आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. गप्प बसायचं की पळायचं, हे त्यावरच ठरतं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात शिकवते. म्हणूनच पुढचं सांगताना मला माझीच शिसारी येते.

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो धाराशिवला वकिली करतो. वर्गात होता तेव्हाही त्याच्या गालात काहीतरी असायचंच, आता तंबाखू असते. बोलताना रस सांडू नये म्हणून तो हनुवटी वर करून बोलतो, त्यामुळं आपल्याशी बोलतोय की छताशी, हे कळत नाही. माझ्या तुळशीच्या कुंडीत... हो, मी मुसलमान आहे आणि माझ्या दारात तुळस आहे, खोकल्याला बरी पडते... त्या कुंडीत तो थुंकला आणि मग वाकून नमस्कार केला. मी बोलले नाही. मास्तरकीत हा एक वाईट गुण लागतो, जुना विद्यार्थी मोठा माणूस होऊन आला की आपण विरघळतो.

त्याच्याकडं चार कागद होते. एका सरकारी खात्यात चालक असलेला एक तरुण जळकोटच्या अलीकडं हायवेवर मोटारसायकलवरून जाताना टेम्पोखाली सापडून वारला होता. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळावी म्हणून त्याच्या बायकोनं अर्ज केला होता. पदरात चार वर्षांची मुलगी, दुसरा आधार नाही. ती नोकरी धाकट्या दिराला मिळावी म्हणून सासरच्यांनी हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं, बाई भांडून माहेरी बसली होती, तिनंच हट्टानं फोन करून त्याला बोलावलं, आणि हे तिनं स्वतः सगळ्यांदेखत कबूल केलंय. भावकीतल्या तिघांचे तसे जबाब मराठीत लिहून घेतलेले होते. खात्याचे साहेब परराज्यातले, मराठी अजून कच्चं, म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर हवं होतं. वकील सासरच्यांचा होता.

“मॅडम, तुमच्यासारखं इंग्रजी अख्ख्या तालुक्यात न्हाय कुणाचं,” तो छताला म्हणाला. आणि मी फुगले.

रविवारी दुपारी मी लिहायला बसले. पहिल्या दोन जबाबांत काही अडलं नाही. तिसरा चुलत सासऱ्याचा होता. त्यात लिहिलं होतं, की प्रेत दारात आणल्यावर सदर महिलेनं हेल काढून सर्वांसमक्ष म्हटलं, की म्याच बोलावलं, म्याच खाल्लं. मी तिथं थांबले. ‘हेल काढून’ला काय लिहायचं? वेल, म्हणजे गळा काढून रडणं, चालला असता. लॅमेंट चालला असता. आणि ‘खाल्लं’ तसंच्या तसं लिहिलं तर साहेब नुसता गोंधळून जाईल. मी वकिलाला फोन लावला.

“इतकं कशाला खोलात जाताय, मॅडम,” तो म्हणाला. “साहेबाला सोपं लागतंय. ‘स्टेटेड’ लिहा. आन् खाल्लं म्हंजे जबाबदार, दुसरं काय?”

मी लिहिलं, की तिनं सर्वांसमोर असं स्टेट केलं, की आपणच पतीला बोलावलं आणि त्याच्या मृत्यूला आपणच जबाबदार आहोत. ‘हेल काढून’ गाळून टाकलं. वाक्य वाचून पाहिलं तर कसं गुळगुळीत उतरलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. कॉलेजात कुणाला असं एका दमात लिहिता आलं नसतं. खाली मी माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि झोकात सही ठोकली.

आमच्याकडं इंग्रजीचा कागद आला की लोक इंग्रजीच्या मास्तराकडं धावतात. बँकेचं पत्र, दवाखान्याचा रिपोर्ट, आखातातून आलेला करार, काहीही असो. माझ्या ओट्यावर आठवड्यातून दोघं-तिघं तरी येऊन बसलेले असतात. भाषांतर देऊन महिना झाला असेल, एक बाई अशीच आली. तिशीच्या आतली, अंगानं किडकिडीत, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. सोबत एक छोटी मुलगी. बाई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, वर या म्हटलं तरी आली नाही.

“हापिसातून दिल्यात,” ती म्हणाली. “समद्यांत काय लिवलंय ते सांगा. लई लोकास्नी दावलं, कुणाला बी नीट सांगता येईना.”

पिशवीतून तिनं कागद काढले. वरच्या पानावर माझी सही होती.

तरी मी वाचायला लागले. पहिला जबाब सांगितला, दुसरा सांगितला. मग तिसरा आला. मराठीतून इंग्रजीत नेलेलं मी आता इंग्रजीतून मराठीत परत आणत होते, आणि वाटेत काय सांडलं ते मला दिसत होतं. “तुम्ही सगळ्यांसमोर असं निवेदन केलं, की पतीच्या मृत्यूला मीच जबाबदार आहे,” मी म्हटलं.

तिनं विचारलं, “असं म्या कवा बोलले?”

“प्रेत दारात आणल्यावर.”

तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, “मॅडम, तवा म्या रडत होते. रडताना बाईमाणूस काय बी म्हणतंय. माझी आई माझ्या भावावर रडली तवा म्हणली का, म्याच सापाच्या बिळावर झोपवलं रं तुला. भाऊ काविळीनं गेला. साप कुठनं आला?”

मला आमची गल्ली आठवली. मी लहान असताना समोरच्या घरात कुणी गेलं की बाया हेल काढून रडायच्या. आमच्यात मयतावर मोठ्यानं रडू नये म्हणतात, त्यामुळं माझ्या आईला ते बोचायचं, पण तिचे हात आपोआप थांबायचे. ती दाराच्या आडून ऐकायची. समोरची बाई एकामागून एक स्वतःवर आरोप घेत सुटायची, की म्याच तुला उपाशी धाडलं, म्याच दृष्ट लावली, म्याच गिळलं. मी घाबरून आईला विचारलं होतं, “अम्मी, वो क्या बोलरी?” आई म्हणाली होती, “बोलती नै बेटा, रोरी.” सहा वर्षांच्या पोरीला कळलेली गोष्ट एम.ए.च्या बाईनं एका फोनवर विकून टाकली होती, आणि तीही कौतुकाच्या मोबदल्यात.

मी तिला सांगून टाकलं. “हे भाषांतर मी केलंय,” म्हटलं. “सही माझी आहे.”

मला वाटलं, ती चिडेल, शाप देईल. आमच्याकडच्या बायांना त्याचीही पद्धत येते, आणि मी ते खाली मान घालून ऐकलं असतं. तिनं फक्त कागद माझ्याकडून घेतले, त्यांवरून हात फिरवून घडी नीट केली आणि परत माझ्यापुढं धरले.

“मग तुमीच बदला की,” ती म्हणाली. “ही नोकरी गेली तर या पोरीला घिऊन म्या कुठं जाऊ? माहेरात भावजय आहे. दोन महिनं झाले, जेवायला बसले का ती भांडी वाजवायला लागती.”

मी वकिलाला बोलावलं. भाषांतर चुकलंय, बदलून देते म्हटलं. या खेपेला त्याची हनुवटी खाली आली आणि तो सरळ माझ्याकडं बघून बोलला. “चुकलं कुठं मॅडम? ती म्हणली का न्हाय म्हणली? म्हणली. बास. आन् एकदा सही करून परत फिरलात तर तुमच्याच नावाला बट्टा.” जाताना त्यानं पुन्हा नमस्कार केला. नमस्कार इतका ओंगळ दिसू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी नवं भाषांतर लिहिलं. ‘स्टेटेड’ काढून ‘वेल’चं ‘वेल्ड’ घातलं, ‘जबाबदार’ काढून ‘खाल्लं’ तसंच ठेवलं, आणि खाली दीड पानाची टीप जोडली, की आमच्या भागात बाया मयतावर कशा रडतात, रडताना स्वतःला दोष देणं ही रीत कशी आहे, आणि हे कबुलीजबाब म्हणून का वाचता येत नाही. खात्याच्या साहेबांना ते पोस्टानं पाठवलं. वर पत्र लिहिलं, की आधीचं भाषांतर सदोष होतं आणि दोष माझा आहे. सुनावणीला तिच्याबरोबर मी स्वतः येईन असंही कळवलं.

सुनावणी सकाळी अकराला होती. लोहाऱ्याहून सातची एसटी पकडून आम्ही धाराशिवला गेलो. मुलीला तिनं आईकडं ठेवलं होतं. वाटेत ती फारसं बोलली नाही. जळकोटच्या अलीकडं ज्या ठिकाणी ते झालं होतं, तिथं गाडी आली तेव्हा तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि गाव मागं पडेपर्यंत काढला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. अशा वेळी शिकलेल्या माणसाला काही सुचत नाही.

ऑफिसात सासरची मंडळी आधीच आली होती. सासू भिंतीलगतच्या बाकावर एकटी टेकलेली, बाकीचे पुरुष वकिलाभोवती. सासूचा चेहरा इतका वाळला होता की हीच ती का असं वाटलं, असं सून मला नंतर म्हणाली. कोपऱ्यातल्या खिडकीच्या गजांवर पिचकाऱ्यांचे जुने-नवे थर होते. एक कारकून आत-बाहेर करत होता आणि दर खेपेला घसा खाकरून खिडकीबाहेर तोंड काढत होता. एरवी मी अशा जागी नाकाला रुमाल लावते. त्या दिवशी वाटलं, इथं नाक धरायचा मला काही हक्क नाही.

साहेब तरुण होते, पस्तिशीचे असतील. त्यांनी माझी टीप वाचली होती, पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. मला इंग्रजीत विचारलं, की स्टेट आणि वेल यांत नेमका काय फरक आहे. आणि मी बोलायला लागले. शब्दांच्या छटा, हेतू, श्रोता, शुद्धी, सगळं आलं. वर्गात बोलते तशी पंधरा मिनिटं बोलले असेन. साहेब मान हलवत होते. मला बरं वाटायला लागलं होतं. ती बाई माझ्या शेजारी उभी होती आणि तिला यातलं एक अक्षर कळत नव्हतं, हे माझ्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

वकील मध्येच उठला. “सर, मॅडमनी शब्द बदललाय, घडलेलं बदलत न्हाय,” तो म्हणाला. “बाईंनाच विचारा, बोलल्या का नाही ते.”

साहेबांनी तिच्याकडं वळून मोडक्या मराठीत विचारलं, “तुम्ही हे बोलला? मी खाल्लं, असं?”

मी तिला वाटेत सांगून ठेवलं होतं, की नुसतं ‘आठवत नाही’ म्हणा. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, “व्हय. म्हणले.”

“बघा,” वकील म्हणाला.

“मयताच्या उशाशी बसून म्हणलेलं,” ती म्हणाली, “ते न्हाय म्हणले असं कसं सांगू? त्यास्नी ऐकलंय ते.”

‘त्यास्नी’ म्हणजे कुणी, हे साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं ऐकलंय असं ती म्हणतेय, हे मी त्यांना सांगितलं. वकिलाला जिंकल्याचा वास आला होता. तो हसत म्हणाला, “सर, मॅडम म्हणतात हे बोलणं न्हाय, काहीतरी वेगळंच हाय. मग एकदा ऐकवू द्या की बाईंना. सगळ्यांनाच कळंल.” त्याच्यामागं उभे असलेले दोघं-तिघं तोंड दाबून हसले.

त्या क्षणी मी नको म्हणायला हवं होतं. मी तिथली शिकलेली बाई होते. साहेब माझं ऐकत होते. ‘हे माणुसकीला धरून नाही’ एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला दोन भाषांत नीट बोलता येतं. मी बोलले नाही. कारण माझ्या मनात आलं, की ऐकलं तर साहेबांना पटेल. वकिलाला टिंगल हवी होती, मला पुरावा हवा होता. त्या बाईचं रडणं आम्हा दोघांनाही कामाचं होतं. त्याच्या तंबाखूची मला किळस येते म्हणून मी वर सांगितलं, पण त्या खोलीत आम्ही दोघं एकाच माळेचे मणी होतो.

“ऐकवा,” साहेब हळूच म्हणाले. त्यांनाही नंतर वाईट वाटलं असावं, पण म्हणाले खरं.

ती मग खाली फरशीवर बसली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पहिल्यांदा नुसताच घोगरा आवाज आला, आणि मला वाटलं जमणार नाही. आणि मग तो हेल उठला. “अवो माझ्या मालका वो... म्याच बोलावलं वो तुमाला... ऐतवार लांब न्हवता वो... म्याच म्हणले आजच या... म्याच खाल्लं वो तुमाला...”

बाहेरची टायपिंगची खडखड थांबली. कारकून दारात आला आणि तिथंच उभा राहिला. एक शिपाई बाई पाण्याचा जग हातात घेऊन आत येत होती, तिनं जग तसाच खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. पुरुष जमिनीकडं बघायला लागले. साहेबांना ‘खाल्लं’ सोडलं तर शब्द कळत नव्हते, पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती.

आमच्याकडं एक रीत आहे. एका बाईनं हेल काढला की तिला एकटीला रडू द्यायचं नाही. दुसरीनं जाऊन तिच्या गळ्यात पडायचं आणि आपला हेल तिच्यात मिळवायचा. भांडण असो, वर्षानुवर्षांचा अबोला असो, त्या वेळी तो बघायचा नसतो. ज्या बाईनं हे पाळलं नाही तिला गाव नाव ठेवतं. भिंतीलगतच्या बाकावरची सासू कधी उठली ते कुणालाच कळलं नाही. वकिलानं “आत्या, बसा” म्हणून तिचा दंड धरला होता, तो तिनं झटकला. ती येऊन सुनेशेजारी फरशीवर कोसळली, तिच्या गळ्यात हात टाकला आणि रडू लागली. “माझ्या वाघा रं... म्याच हट्ट केला रं, म्याच गाडी घेऊन दिली रं तुला... चाकरीला पायी जाऊ न्हाय म्हणून... म्याच खाल्लं रं माझ्या लेकराला...”

दोघी एकमेकींना धरून हलत होत्या. एकीचा हेल उतरला की दुसरीचा चढायचा. आता तिथं कोण कुणाच्या बाजूचं, ते सांगता येत नव्हतं. धाकटा दीर उठून बाहेर निघून गेला. किती वेळ गेला, माहीत नाही. दारातल्या कारकुनाच्या हातात नोंदीचा कागद होता. त्यानं साहेबांना विचारलं, “सर, काय लिहू?” वकील घाईघाईनं म्हणाला, “हे लिहू नका. हे कामकाजात न्हाय.” मघाशी ऐकवायला सांगणारा तोच होता.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, की याच हिशेबानं आता तुमच्या पक्षकार बाईंनीही गुन्हा कबूल केलाय. मग काय करायचं? वकिलाची हनुवटी वर गेली आणि तो पंख्याकडं बघायला लागला.

हरकत त्याच दिवशी फेटाळली गेली. साहेबांनी कागदावर तसं लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि अर्ज पुढं पाठवायला सांगितलं. शिपाई बाईनं दोघींना पाणी दिलं. सासू घोटभर प्याली, तोंड पुसून सुनेकडं न बघता उठली आणि आपल्या माणसांबरोबर निघून गेली. रीत संपली होती. वकिलानं जाताना मला नमस्कार केला नाही, तेवढंच त्या दिवशी मला बरं वाटलं.

आम्ही बसस्टँडवर आलो. मी दोन चहा सांगितले. आपण जिंकलो, असं काहीतरी मला म्हणायचं होतं, आणि मी म्हटलंही. “झालं बघा तुमचं काम,” म्हटलं. “साहेबांना फरक कळला.”

तिचा घसा बसला होता. तिनं चहा हातात धरला, पण प्याली नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “येक सांगू? त्या दिशी म्या त्यांच्यासाठी रडले. आज कागदासाठी रडले.” तिनं चहा खाली ठेवला. “ते ऐकत असतील तर त्यास्नी काय वाटलं असंल?”